गवत, माती की मेणाची वाळू? सोलापुरातल्या एका ट्रॅकचं प्रकरण

घोडीचा पाय

२२ फेब्रुवारी २०२५ची रात्र. अकरा वाजून गेले होते. अक्कलकोट रोडला शहर संपून ज्वारीची रानं लागतात, तिथल्या एका पागेत मी एका घोडीच्या डाव्या पुढच्या पायाला बर्फ लावत बसले होते. बर्फ रसवंतीवाल्याकडून आणलेला, गोणपाटात ठेचलेला. घोडी आठ वर्षांची, तांबूस कुमैत रंगाची, कपाळावर चांदणी. पुण्या-मुंबईच्या शर्यती पळून झाल्यावर पागेच्या मालकांनी, म्हणजे अण्णांनी, तिला सोलापुरात आणलं. सकाळी मुलं तिच्यावर घोडेस्वारी शिकायची आणि संध्याकाळी जाणता स्वार तिला मोकळी पळवायचा, असा तिचा दिवस.

त्या संध्याकाळी ती वळणावरून चौखूर निघाली आणि चार टापांत स्वाराला कळलं की पाऊल बदललंय. उतरून बघितलं तर लंगडत नव्हती. दोन तासांनी नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या, मागे हाताला गरम लागलं, तेव्हा मला फोन आला. धडधाकट घोड्याच्या नळीमागून बोटं फिरवली तर आतली कंडरा ताणलेल्या दोरासारखी लागते, तिच्या दोन्ही कडा स्पष्ट कळतात. पागेत सगळे तिला नसच म्हणतात. या घोडीत मधेच दोन बोटं जागेत ती कड हरवली होती. पाय उचलून सैल धरला आणि अंगठ्यानं अलगद दाबलं, तर तिनं पाय ओढून घेतला. पुढे सोनोग्राफीत तेच दिसलं: मधले तंतू तुटलेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वळणावर गेले. तिथे कोणी फिरू नये म्हणून अण्णांनी रात्रीच दोरी बांधली होती. ट्रॅक म्हणजे मुरूम टाकून दाबलेला गोल, घेर साधारण अडीचशे मीटर. सरळ भागात मुरूम इतका कडक की टापेची नुसती नालेची रेघ उमटलेली. वळणावर मात्र आदल्या पावसाळ्यात खड्डा पडला होता आणि तो बुजवायला दोन ट्रॉली वाळू ओतली होती. हेतू चांगलाच होता, पायाला मऊ लागावं. त्या वाळूतला पहिला ठसा मी वहीत काढून ठेवला आहे. खुराचं टोक चार बोटं रुतलेलं, टाच जवळपास वरच, आणि अख्खा ठसा बाहेरच्या अंगाला ओढला गेलेला. कडक जमीन गृहीत धरून टाकलेलं पाऊल मऊ जमिनीत पडलं होतं.

साडेचारशे किलोचं जनावर भरधाव सुटलं की एका क्षणी सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, आणि वेगामुळे तो अंगच्या वजनाच्या दुपटीहून जास्त होतो. पाय जमिनीला टेकलेला असतो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्यात खूर टेकतो, किंचित सरकतो, घोटा जमिनीकडे झुकतो, कंडरा ताणते आणि पाय सुटतो. जमिनीला जो काही घात करायचा असतो तो ती त्या दहाव्या भागात करते.

रियाधची शर्यत आणि पागेतली मतं

घोडीचा पाय दुखावला त्याच रात्री रियाधला सौदी कप होता. १८०० मीटर, मातीचा ट्रॅक, एकूण बक्षीस दोन कोटी डॉलर. अण्णांचा पुतण्या चार वर्षं दुबईच्या एका पागेत काम करून आलेला, त्यानं मोबाइल खुंटीला टांगला आणि घोडीशेजारीच आम्ही शर्यत बघितली. हाँगकाँगचा रोमँटिक वॉरियर हा गवतावरचा राजा. हाँगकाँग कप सलग तीनदा, २०२३ला ऑस्ट्रेलियात कॉक्स प्लेट, २०२४ला जपानमध्ये यासुदा किनेन, सगळं गवतावर. मातीत तो त्या रात्री पहिल्यांदा उतरला. समोर जपानचा फॉरेव्हर यंग, मातीतच घडलेला, २०२४च्या केंटकी डर्बीत तिसरा आलेला. शेवटच्या सरळ भागात रोमँटिक वॉरियर पुढे निघाला आणि आता संपलं असं वाटत असताना फॉरेव्हर यंगनं त्याला पुन्हा गाठून मानेच्या अंतरानं हरवलं. बाकीचे घोडे दहा लांब्या, म्हणजे दहा घोड्यांच्या लांबीइतके, मागे राहिले.

पुतण्या म्हणाला, "बघितलाव का काका? गवतातलं घोडं पहिल्यांदा मातीत उतरलं अन् नुसतं मानेनं हारलं. ट्रॅकचं काय नसतंय, घोडं पाहिजे तसं."

मामा खरारा खाली ठेवून वळले. मामा म्हणजे अण्णांचे मामा, पण आता सगळ्या पागेचेच. सत्तरी उलटलेली, उभं आयुष्य पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोतद्दार म्हणून, घोड्यांची देखभाल करण्यात गेलेलं. "एका घोड्यावरनं काय बोलायलास बे? गॅलिलिओचं काय झालं ते आठव."

२००१ साली गॅलिलिओनं एप्समची डर्बी, आयरिश डर्बी आणि किंग जॉर्ज या तिन्ही शर्यती गवतावर जिंकल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कला मातीवरच्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये उतरला आणि सहावा आला. पुतण्याकडे उत्तर तयार होतं: त्याच शर्यतीत पॅरिसची आर्क ही मोठी शर्यत जिंकून आलेला साखी हा गवतावरचा घोडा टिझनाउकडून केवळ नाकाच्या अंतरानं हरला होता. वाद तिथून जो सुरू झाला तो पुढचे तीन आठवडे चालला. तो केवळ शर्यतीचा शौक नव्हता. पावसाळ्याआधी ट्रॅक नव्यानं करायचा म्हणून अण्णांनी साडेतीन लाख रुपये बाजूला काढले होते आणि घोडीच्या पायानं तो निर्णय तातडीचा केला होता.

मामांचं मत गवताकडे. महालक्ष्मीची आणि पुण्याची शर्यत गवतावर होते, इंडियन डर्बी १९४३ पासून गवतावरच पळतात, सरावाला वाळूचा ट्रॅक असला तरी कस गवतावर लागतो. गवताची मुळं मातीला धरून ठेवतात, टाप टेकली की जमीन दबते आणि लगेच सावरते. शिवाय तोंडावर माती उडत नाही. मातीच्या शर्यतीत मागून पळणाऱ्या घोड्याच्या डोळ्या-नाकावर ढेकळांचा मारा होतो. अमेरिकेतले जॉकी एकावर एक तीन-चार गॉगल घालून बसतात आणि मळला की वरचा खाली ओढतात. पहिल्यांदा तो मारा बसलेलं घोडं मान वर करतं आणि पळणं सोडतं, हे मामांनी वाळूच्या सरावात कितीदा बघितलेलं.

अण्णांचं मत मातीकडे. अकलूजच्या घोडेबाजारात मारवाडी, काठियावाडी, नुकरा जी जनावरं येतात ती मातीत जन्मतात आणि मातीतच पळून दाखवतात. आपला मुलूखच मातीचा, मग उसनं गवत कशाला?

पुतण्याचं मत सिंथेटिकचं. वाळूला मेणाचा लेप द्यायचा, त्यात कृत्रिम धागे आणि रबराचे तुकडे मिसळायचे, खाली निचऱ्याचा थर. पाऊस पडो न पडो, जमीन एकसारखी. दुबईच्या पागेत त्यानं अशाच पट्टीवर घोडी सरावाला फिरवलेली.

आणि मी? पहिल्या आठवड्यात मी पूर्णपणे पुतण्याच्या बाजूची होते. अमेरिकेच्या जॉकी क्लबनं २००९ पासून हजार धावांमागे किती घोडे दगावतात याची नोंद ठेवली आहे. पहिल्या वर्षी सगळे ट्रॅक मिळून तो आकडा २ होता, २०२३ला १.३२वर आला. यात सिंथेटिकचा आकडा सातत्यानं सगळ्यात खाली राहिला: २०२३ला तो एकच्या आत आणि मातीचा दीडच्या आसपास. ज्या हातांनी तुटलेले पाय बांधले आहेत, आणि कधी बांधता न आल्यामुळे जनावराला सोडवलं आहे, त्या हातांना हा आकडा नुसता वाचून बाजूला ठेवता येत नाही.

दुबईनं पाच वर्षांत काय केलं

मला विचार करायला लावलं ते पुतण्याच्याच दुबईनं. दुबई वर्ल्ड कप १९९६ला नाद अल शेबाच्या मातीवर सुरू झाला आणि पहिला कप अमेरिकेच्या सिगारनं नेला. पुढेही अमेरिकन घोडे येत राहिले, जिंकत राहिले: १९९८ला सिल्व्हर चार्म, २००८ला कर्लिन, २००९ला वेल आर्म्ड चौदा लांब्यांनी. मग २०१०ला शर्यत मेदानच्या नव्या रेसकोर्सवर गेली आणि तिथे मातीऐवजी टॅपेटा नावाचं सिंथेटिक घातलं. विचार उदात्त होता. युरोपातला गवतावरचा घोडा आणि अमेरिकेतला मातीवरचा घोडा, दोघांनाही परका नसलेला एक मधला ट्रॅक. खरी जागतिक शर्यत त्यावरच होईल.

झालं असं की गवतावरच्या घोड्यांना तो मानवला आणि अमेरिकेतले मातीचे बडे घोडे येईनासे झाले. त्यांच्या मालकांनी सरळ हिशोब केला: ज्या जमिनीवर आपलं जनावर कधी पळालं नाही तिथे ते अर्ध्या जगाचा प्रवास करून का न्यायचं? पाच वर्षांत अमेरिकेत तयार झालेला एकच घोडा तिथे जिंकला, २०१३ला अ‍ॅनिमल किंगडम. तोही साधा मातीचा घोडा नव्हता. २०११ची केंटकी डर्बी जिंकली तेव्हा तो मातीवर पहिल्यांदा पळत होता, त्याआधी सगळं गवत आणि सिंथेटिक. २०१५च्या कपआधी मेदाननं टॅपेटा उखडून पुन्हा माती टाकली.

तरीही त्या पाच वर्षांना मी वाया गेलेली म्हणणार नाही. २६ मार्च २०११ला, जपानच्या भूकंप-त्सुनामीनंतर पंधराच दिवसांनी, त्या टॅपेटावर व्हिक्टोआर पिसा पहिला आला आणि ट्रान्सेंड दुसरा. दोघेही जपानचे. एक गवतावरचा, एक मातीतला. मधला ट्रॅक म्हणून जे स्वप्न बघितलं होतं ते त्या एका रात्री तंतोतंत खरं झालं. मामांना ती शर्यत अजून आठवते. "स्वारांच्या डोळ्यातनं पाणी येत होतं," असं ते सांगतात आणि तेवढ्यावर थांबतात.

कॅलिफोर्नियाची गोष्ट याच्या जोडीनं बघायला हवी. तिथल्या शर्यत मंडळानं २००६ला मोठ्या रेसकोर्सना सिंथेटिक सक्तीचं केलं. २००८ला सांता अनिताच्या सिंथेटिकवर ब्रीडर्स कप क्लासिक झाली, तेव्हा इंग्लंडहून आलेला रेव्हन्स पास जिंकला आणि मातीचा सम्राट कर्लिन चौथा आला. २००९ला तिथेच झेनयाटानं क्लासिक जिंकली. २०१०ला चर्चिल डाउन्सच्या मातीवर तीच घोडी ब्लेमकडून डोक्याच्या अंतराने हरली. वीस शर्यतींतली ती एकच हार. सांता अनिता २०१०च्या अखेरीस मातीवर परतलं, केंटकीतलं कीनलँड २०१४ला, डेल मार २०१५ला. कारणं एकाच जातीची नव्हती. निचरा बिघडला, देखभाल अवघड गेली, मेण उन्हानं नरम होऊन सकाळचा ट्रॅक दुपारी वेगळाच वागू लागला, आणि मातीवर घोडे पैदा करणाऱ्यांना आपल्या घोड्याची किंमत घसरताना दिसली.

२०१८-१९च्या हिवाळ्यात सांता अनिताला तीन महिन्यांत वीसहून जास्त घोडे गेले, बरेचसे त्याच मातीवर. त्या हंगामात जोरदार पाऊस झाला होता आणि मार्चमध्ये रेसकोर्स बंद ठेवून जमीन तपासावी लागली. मातीचा ट्रॅक पावसात वाचवायचा तर वरून रोलर फिरवून जमीन बंद करतात, पाणी वाहून जातं आणि मग ती पुन्हा उकरून मऊ करावी लागते. दर पावसागणिक ही उलथापालथ. ही बातमी मी अण्णांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माती वाईट नाही मॅडम. मातीकडं रोज बघावं लागतंय."

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म अण्णांनी तिथे पकडलं.

गवत म्हणजे कुठलं गवत?

मामांचा आग्रह मोडायला कोणी आकडे आणले नाहीत, ते त्यांनी स्वतःच आणले. टोकियोच्या गवतावर २०१८च्या जपान कपमध्ये आल्मंड आय २४०० मीटर २ मिनिटं २०.६ सेकंदांत पळाली. २०२२ला पॅरिसच्या लाँगशाँ रेसकोर्सच्या भिजलेल्या गवतावर आल्पिनिस्तानं आर्क जिंकली तीही २४०० मीटरचीच, वेळ २ मिनिटं ३५ सेकंदांहून जास्त. अंतर तेच, दोन्हीकडे गवत, दोन्ही घोड्या अव्वल आणि फरक पंधरा सेकंदांचा. पंधरा सेकंदांत घोडा दोनशे मीटरहून जास्त जातो. जपाननं आर्कसाठी काय नाही केलं? १९९९ला एल काँडोर पासा दुसरा, २०१०ला नाकायामा फेस्ता दुसरा, २०१२ आणि २०१३ला ओरफेव्हर दुसरा. अजून आर्क हाती नाही. तोच जपान मातीवर मात्र जगभर जिंकतो आहे. म्हणजे टोकियोचं गवत आणि पॅरिसचं गवत यांच्यातलं अंतर कधी कधी गवत आणि मातीतल्या अंतराहून मोठं असतं.

रक्ताचंही तसंच. सिगार आधी गवतावर पळवला जात होता, खास काही नव्हतं. १९९४ला त्याला मातीवर घातलं आणि तो सलग सोळा शर्यती जिंकला. उलट नॉर्दर्न डान्सरनं १९६४ची केंटकी डर्बी मातीवर जिंकली आणि त्याचा मुलगा निजिन्स्कीनं १९७०ला इंग्लंडचा तिहेरी मुकुट गवतावर मिळवला. संडे सायलेन्स हा १९८९चा केंटकी डर्बी विजेता, अस्सल मातीचा. तो जपानला गेला आणि तिथल्या गवतावरच्या घोड्यांचा बाप झाला, डीप इम्पॅक्ट त्याचाच. ट्रॅकची जात रक्तात लिहिलेली असते असं मानणाऱ्यांनी हे घराणं समोर ठेवावं.

मग जगातला सर्वश्रेष्ठ घोडा कोण, या प्रश्नाला अर्थ उरतो का? फ्रँकेल चौदा शर्यती पळाला, चौदा जिंकल्या, सगळ्या ब्रिटनच्या गवतावर. फ्लाइटलाइन सहा पळाला, सहा जिंकल्या, सगळ्या अमेरिकेच्या मातीवर. जागतिक क्रमवारीत दोघांना १४०च गुण आहेत. पुतण्याचं म्हणणं, दोघं समोरासमोर आले असते तर निकाल लागला असता. मला ते पटत नाही. कुठल्या जमिनीवर आले असते? जमीन ठरवली की निम्मा निकाल तिथेच ठरला. मातीची शर्यत पहिल्या फर्लांगापासून झोकून द्यायची, पुढे राहील तो स्वच्छ पळेल. गवताची शर्यत राखून ठेवायची, शेवटच्या सहाशे मीटरला सोडायची. हे दोन वेगळे गुण आहेत. त्यांना एका तराजूत घालण्यापेक्षा दोन्ही मुकुट वेगळे राहू द्यावेत आणि जो घोडा दोन्हीकडे उतरायची हिंमत दाखवतो त्याचा मान वेगळा करावा. मिश्रिफनं २०२१ला पाच आठवड्यांत रियाधची माती आणि दुबईचं गवत दोन्ही जिंकलं. माझ्या लेखी ती कामगिरी बऱ्याच अपराजित घोड्यांच्या वर बसते. मामांनी या वाक्याला मान डोलावली, पुतण्यानं नाही.

पाण्याचा हिशोब

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. ट्रॅक अडीचशे मीटर, रुंदी पाच. म्हणजे साडेबाराशे चौरस मीटर. उन्हाळ्यात गवत जिवंत ठेवायला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी रोजचे सव्वासहा हजार लिटर. शहराच्या नळाला तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, पागेची बोअर एप्रिलात दम टाकते. रोज टँकर घेऊन टापांखाली गवत भिजवायचं, हे मामांनाच सहन झालं नसतं. त्यांनी स्वतः गवतावर काट मारली. त्यांचा हात त्या रेघेवर जरा रेंगाळला.

सिंथेटिकवरही मग काट बसली. बाहेरून मागवायचा खर्च आवाक्यात नव्हताच, पण खर्च बाजूला ठेवला तरी सोलापूरचं ऊन राहतं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशाला मेणाची वाळू कशी वागेल याची जबाबदारी घ्यायला मी तयार नव्हते.

उरली माती आणि वाळू. आणि इथे पुतण्यानं जे सुचवलं ते मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. तो म्हणाला, मेण राहू द्या, धागा तर घेऊ. सिंथेटिकमध्ये धागा असतो तो वाळूचे कण अडकवून ठेवायला, मुळं करतात तेच काम. आणि धाग्याला सोलापुरात तोटा आहे का? चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतून सुताचा कचरा पोत्यानं निघतो.

मी दोन अटी घातल्या. सुती धागा घ्यायचा नाही, तो ओलाव्यानं कुजतो आणि जागोजाग मऊ खड्डे पडतात, फक्त पॉलिएस्टर. आणि प्रत्येक तुकडा बोटाच्या पेराएवढा कापायचा. लांब धागा घोट्याला गुंडाळला तर आत रुततो, रक्त अडतं आणि केसांत लपल्यामुळे कळतही नाही. पागेतल्या बायकांनी चार दुपारी अडकित्त्यानं आणि कात्रीनं पोतीच्या पोती कापली. मूठभर वाळूत चिमूटभर धागा कालवून, पाणी शिंपडून मी मुठीत दाबला. मूठ उघडली तर गोळा तसाच राहिला आणि अंगठ्यानं ढकलल्यावर भुगा झाला. असंच हवं होतं. धरून ठेवणारं, पण सोडणारं.

ट्रॅक असा केला: जुना मुरूम उकरून, आतल्या बाजूला उतार देऊन पुन्हा दाबला. वाळू टाकून बुजवलेला तो खड्डा खालपर्यंत खोदून मुरमानंच भरला. वर सगळीकडे सारखी तीन इंच धुतलेली वाळू, त्यात थोडी काळी माती चाळून. फार माती घालायची नाही, कारण आपली काळी माती ओली झाली की टापेला चिकटून नाल उपटते. अर्ध्या घेरात धागा मिसळला, अर्ध्यात नाही, म्हणजे फरक कळेल. ओल ठेवायला दिवसाआड दीड हजार लिटर पुरले. शेवटी रोज सकाळी बैल जुंपून कुळव उलटा फिरवायचा, हे काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं.

मामांनी सळई आणली. पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यतीआधी पेनेट्रोमीटरनं जमीन मोजतात आणि तो आकडा जाहीर होतो. एक किलोचं वजन एक मीटरवरून सळईवर सोडायचं, ती किती आत जाते ते बघायचं. मामांनी किराणा दुकानातलं जुनं एक किलोचं लोखंडी वजन भोक पाडून सळईत ओवलं आणि खुणा कानशीनं पाडल्या. रोज सकाळी आठ ठिकाणी मोजायचं, वहीत लिहायचं. आकडा किती आहे याला मी फार किंमत देत नव्हते. आठ आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, तेवढंच विचारत होते.

आषाढात

पालखी सोलापूर जिल्ह्यात आली की मी दरवर्षी खुडूसच्या रिंगणाला जाते. त्या वर्षी अण्णा आणि मामाही आले. माउलींचा अश्व धावून गेल्यावर लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. आम्हीही लावली. पण त्याआधी मामा एका ठशाजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी मला खूण केली. ठसा सपाट होता, टोक आणि टाच सारख्या खोलीवर, मागे सरकल्याची बोटभर रेघ. पुढचा ठसा तसाच, त्याच्या पुढचाही. हजारो पावलांनी तुडवून एकजीव झालेली जमीन होती ती. कोणत्याही रेसकोर्सच्या माणसाला हेवा वाटावा अशी.

पावसाळ्यानं पागेच्या ट्रॅकची परीक्षा घेतली. धागा नसलेल्या अर्ध्या भागातून ऑगस्टच्या एका पावसात वाळू उतारानं आत वाहून आली आणि बाहेरच्या कडेला मुरूम उघडा पडला. त्या दिवशी मामांच्या वहीत एका कडेला जवळपास शून्य आहे आणि आतल्या कडेला सळई पार गेलेली. घोडी चार दिवस पागेतच राहिली. धाग्याचा भाग मात्र तसाच टिकला. सप्टेंबरात उरलेल्या भागातही धागा घातला. एका कोपऱ्यात अजून पाणी साचतं, तिथला उतार चुकला आहे आणि ती चूक माझ्या मोजणीची आहे.

कुमैत घोडीचा पाय भरत आला, पण अशी कंडरा पहिल्यासारखी कधीच होत नाही. तिला सहा महिने नुसतं चालवलं, मग दुडकी. पूर्ण वेगात ती आता पळणार नाही, हे अण्णांना सांगताना मला जड गेलं. मुलांना शिकवायला ती राहील.

२ नोव्हेंबरच्या पहाटे पुन्हा मोबाइल खुंटीला लागला. कॅलिफोर्नियात डेल मारला, सिंथेटिक काढून पुन्हा घातलेल्या मातीवर, फॉरेव्हर यंगनं ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. जपानच्या घोड्यानं ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पुतण्या नाचत बाहेर गेला आणि अण्णांना उठवून आला. मामा मात्र शेवटच्या वळणाचं चित्रण पुन्हा लावायला सांगत होते. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "वळणावर बघ, आतल्या बाजूला जमीन जरा जास्त उडायलीय."

मग सळई उचलून ते आमच्या वळणाकडे गेले. उजाडायला अजून वेळ होता, म्हणून मी टॉर्च घेऊन मागे गेले.